सबवूफरचा आवाज बसतो तेव्हा

संध्याकाळी वीज जाते आणि तासाभराने परत येते. पंखा फिरू लागतो, फ्रिज घरघरतो, टीव्ही लागतो, पण कोपऱ्यातला सबवूफर उठत नाही. दुपारपर्यंत तो व्यवस्थित वाजत होता. पडला नाही, ओला झाला नाही, कुणी उघडला नाही. काही वेळा त्याचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि बऱ्याच वेळाने तो आपला आपण सुरू होतो. एकदा सुरू झाला की रात्रभर तक्रार नसते. पुन्हा वीज गेली की पुन्हा तेच. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वीज जाणे-येणे ज्यांच्या सवयीचे आहे, त्यांच्या घरी हे कोडे हमखास पडते. त्याचे उत्तर बहुतेक वेळा काही रुपयांच्या एका भागात असते. तो भाग कोणता आणि तो असा का वागतो हे समजण्यासाठी खोक्याच्या आत काय चालते ते पाहावे लागते.

खर्ज गेला हे ओळखणे

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने, म्हणजे तेवढे हर्ट्झ, ऐकू येतात. सबवूफर यातला फक्त तळाचा भाग सांभाळतो. बहुतेक घरगुती संचांत या भागाची वरची सीमा ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास असते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर हवेत सुमारे साडेआठ मीटर लांब असते. कंपनसंख्या निम्मी झाली, तर तेवढाच आवाज काढण्यासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून पडदा मोठा, खोके मोठे, आणि एवढे काम रेटायला खोक्यातच बसवलेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर.

हा ॲम्प्लिफायर मुका झाला तरी कित्येक दिवस घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि त्याचे कारण कानातच आहे. मिरजेत घडवलेला एखादा तानपुरा काळी एकच्या षड्जाला लावला, तर त्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. टीव्हीचा छोटा स्पीकर इतक्या खाली उतरूच शकत नाही. तरीही त्यातून खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. तार छेडली की ६९ बरोबरच १३८, २०७, २७६ असे उपस्वरही निघतात, जवारीमुळे ते अधिकच ठळक होतात, आणि त्यांच्यातले समान अंतर पाहून मेंदू न वाजलेला मूळ स्वर भरून काढतो. त्यामुळे सबवूफर तपासायला तानपुऱ्याचे किंवा गायनाचे ध्वनिमुद्रण उपयोगाचे नाही. त्यासाठी माण, आटपाडी, जत भागातल्या गजीनृत्याचा ढोल लावावा. ढोलाच्या पानाचे उपस्वर असे सरळ पटीत नसतात, म्हणून मेंदूला तशी भरपाई करता येत नाही. सबवूफर बंद असेल तर हलगी पूर्वीसारखीच कडकडते आणि ढोलाचा छातीत जाणवणारा ठोका मात्र नाहीसा होतो.

एका पत्र्यावर सगळे यंत्र

खोक्याच्या मागच्या बाजूला धातूचा चौकोनी पत्रा दिसतो. त्यावर बटणे, सॉकेट आणि विजेची वायर असते. आठ-दहा स्क्रू काढले की पत्र्यासह पूर्ण ॲम्प्लिफायर बाहेर येतो. त्याचे चार भाग ओळखता येतात. घरची वीज योग्य दाबाच्या डीसी विजेत बदलणारा पुरवठा, आलेल्या संकेतातून फक्त खर्ज निवडणारा गाळणी-भाग, त्या संकेताला ताकद देणारा मुख्य ॲम्प्लिफायर, आणि सुरू-बंद करणारा व संरक्षण देणारा पहारेकरी भाग. लोकांचा पहिला संशय मुख्य ॲम्प्लिफायरवर, ‘आयसी गेली’ यावर जातो. प्रत्यक्षात पुरवठा आणि पहारेकरी हे दोन भाग जास्त वेळा बिघडतात, म्हणून शोध नेहमी विजेच्या वायरीकडून स्पीकरच्या दिशेने करावा. आयसी आधी बदलून पाहणे ही दुरुस्तीतली सर्वांत महागडी सवय आहे.

पुरवठा आणि त्याची टाकी

जुन्या आणि मध्यम किमतीच्या संचांत जड ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचा दाब उतरवून, समजा, २९ व्होल्ट करतो. चार डायोडांचा ब्रिज ही उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला वळवतो. पण ब्रिजमधून निघणारी वीज सलग नसते. ती सेकंदाला १०० वेळा चढते आणि शून्यावर येते. ती सलग करण्याचे काम मोठे कपॅसिटर करतात, ज्यांना दुकानात कंडेन्सर म्हणतात. नगरपालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ दिवसभर चालतो. कंडेन्सर हीच टाकी आहे. वीज चढली की तो भरतो, उतरली की स्वतःतली वीज देतो. परिणामी ॲम्प्लिफायरला शून्याच्या वर आणि खाली सुमारे ४० व्होल्ट असा बऱ्यापैकी स्थिर दाब मिळतो.

गाळणी-भागाला एवढा दाब चालत नाही. तिथल्या ४५५८ सारख्या छोट्या आयसींना अधिक आणि उणे १५ व्होल्टच्या आसपास लागतात. काही कंपन्या त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या, कमी दाबाच्या वेढ्यावर ७८१५ आणि ७९१५ हे तीन पायांचे रेग्युलेटर वापरतात. स्वस्त रचनेत ४० व्होल्टवरून थेट रेझिस्टर आणि झेनर डायोड लावून दाब उतरवला जातो. हे रेझिस्टर अहोरात्र तापतात. पत्रा उघडल्यावर सर्किट बोर्डवर कुठे तपकिरी, जळकट डाग दिसला, तर तो बहुधा याच रेझिस्टरांखाली असतो. तापून त्यांचे सोल्डर सैल होते, एका बाजूचा दाब नाहीसा होतो, आणि मुख्य ॲम्प्लिफायर ठणठणीत असूनही स्पीकर गप्प बसतो. मल्टीमीटरने हे दोन दाब मोजायला एक मिनिट लागते. अधिक आणि उणे दाब जवळपास सारखे नसतील, तर दोष तिथेच शोधावा.

नव्या संचांत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस असतो. तो २३० व्होल्टची वीज आधीच डीसी करतो, त्यामुळे आतल्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात. मग एक आयसी ही वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते आणि छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून हवा तो दाब काढते. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर इथे आहे. वीज तोडणाऱ्या या आयसीलाही स्वतःची वीज लागते. प्लग लावल्यावर मोठ्या किमतीच्या एका रेझिस्टरमधून वीज झिरपत झिरपत २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडच्या छोट्या कंडेन्सरमध्ये साठते. ३८४२ या नेहमीच्या आयसीच्या बाबतीत तिथे सुमारे १६ व्होल्ट जमले की आयसी जागी होते. पुढचा क्षण तिला त्या साठ्यावरच काढावा लागतो. मग ट्रान्सफॉर्मरचा एक जादा वेढा तिला वीज पुरवू लागतो आणि गाडी रुळावर येते. कंडेन्सर सुकला असेल तर तो क्षणभरही साठा पुरवत नाही. दाब १० व्होल्टच्या खाली घसरतो, आयसी झोपते, पुन्हा साठा जमतो, पुन्हा झोपते. दिवा लुकलुकतो तो यामुळे. वीज अखंड असेपर्यंत जादा वेढा काम निभावत असतो, म्हणून दोष दिसत नाही. वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तिथे गाडी अडते. शिवाय सुकत आलेला कंडेन्सर थंड असताना अधिकच कमकुवत असतो. थोडा तापला की जेमतेम काम देतो, त्यामुळे बऱ्याच वेळाने सुरू होण्याचा चमत्कार घडतो.

कंडेन्सर सुकतो का

या प्रकारच्या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्यांमध्ये ओलसर रसायन असते. रबरी बुडातून ते वर्षानुवर्षे हळूहळू उडून जाते. उडण्याचा वेग तापमानावर ठरतो. अंदाजाचा नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. कंडेन्सरवर ‘१०५ अंश’ असे छापलेले असते आणि त्या तापमानाला साध्या प्रतीचा कंडेन्सर सुमारे २,००० तास टिकेल अशी हमी असते. तोच ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास टिकेल. वर्षाचे तास ८,७६० होतात, म्हणजे सतत प्लग लावलेल्या सबवूफरमध्ये पावणेचार वर्षेही नाहीत. ४५ अंशांवर ठेवता आला तर हाच भाग चौदा वर्षांच्या पुढे जाईल. अंगठ्याच्या पेराएवढ्या भागाचे भविष्य त्याच्या शेजारी कोणता रेझिस्टर तापतो आणि खोक्यात हवा खेळते की नाही, यावर ठरते.

सबवूफरचे खोके मुद्दाम हवाबंद किंवा एकाच भोकाचे ठेवलेले असते, कारण आवाजासाठी ते आवश्यक आहे. आत लोकरीसारखा भरावही असतो. ॲम्प्लिफायरसाठी ही जागा वाईट आहे. त्यात ‘ऑटो’ बटणावर ठेवलेला सबवूफर वाजत नसतानाही पुरवठा चालू ठेवतो, आणि वय तेव्हाही वाढत राहते. रोज दोन तास वाजणाऱ्या संचाचा प्लग रात्री बंद करणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. बदलताना कंडेन्सर १०५ अंशांचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा घ्यावा. अधिक-उणे पाय उलटे लागले तर तो फुटतो.

फुगलेले डोके पाहून खराब कंडेन्सर ओळखता येतो, पण छोटे कंडेन्सर न फुगताही सुकतात. साध्या मीटरवर त्यांची क्षमता ठीक दिसते, अंतर्गत अडथळा मात्र वाढलेला असतो. तो मोजणारे ईएसआर मीटर नसेल, तर चार-पाच छोटे कंडेन्सर सरसकट बदलणे शहाणपणाचे ठरते. त्यांची एकूण किंमत एका चहा-नाश्त्याच्या आत असते.

चौकट : पत्रा उघडण्याआधी

प्लग काढल्यावरही एसएमपीएसच्या मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट काही काळ राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. निदान दहा मिनिटे थांबावे, मग मल्टीमीटरने दाब मोजावा. शिल्लक असेल तर काही हजार ओहमच्या जाड रेझिस्टरने तो उतरवावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडू नये. चालू बोर्डला हात लावायची वेळ आली तर एकट्याने काम करू नये. ज्यांना ही सवय नाही त्यांनी वायर, फ्यूज आणि बटणे तपासून थांबावे आणि पुढचे काम कारागिराकडे द्यावे.

गुणगुण पन्नासची की शंभरची

काही सबवूफर गप्प न बसता अखंड गुणगुणतात. ही गुणगुण ऐकूनच अर्धे निदान होते. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. गुणगुण ५० हर्ट्झची, म्हणजे खोल आणि मऊ असेल, तर ती बहुधा बाहेरून येते. संकेताच्या केबलची जाळी तुटलेली असते, किंवा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर वेगवेगळ्या मार्गांनी जमिनीशी जोडले गेलेले असतात. केबल उपसली की ती थांबते. गुणगुण १०० हर्ट्झची, वरच्या सप्तकातली आणि करकरीत असेल आणि केबल काढूनही राहत असेल, तर ब्रिजनंतरचे मोठे कंडेन्सर सुकले आहेत. सुराची सवय असलेल्या कानाला हा एका सप्तकाचा फरक लगेच कळतो.

फक्त संध्याकाळी येणारी गुणगुण वेगळ्या कारणाने असते. वस्तीच्या टोकाला, लांबलचक लाइनीच्या शेवटी असलेल्या घरांत भार वाढला की दाब उतरतो. साधा ट्रान्सफॉर्मर त्याच प्रमाणात कमी देतो. ७८१५ ला १५ व्होल्ट देण्यासाठी स्वतःला निदान १७ व्होल्ट मिळावे लागतात. २३० चे १८० झाले की ते मिळत नाहीत आणि विजेतली १०० हर्ट्झची लहर सरळ आवाजात उतरते. अशा घरात ॲम्प्लिफायर दुरुस्त करत बसण्यापेक्षा स्टॅबिलायझर लावणे योग्य.

सिरीज बोर्ड

फ्यूज उडालेला संच हाती आला की नवा फ्यूज घालून थेट वीज देण्याचा मोह होतो. आत शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही उडतो आणि सोबत बदललेले भागही जातात. यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे सिरीज बोर्ड. संचाच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब जोडायचा. आत पूर्ण शॉर्ट असला तरी या बल्बमुळे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी वीज वाहते. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कंडेन्सर भरले आणि पुढे सर्व ठीक आहे. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे, आणि ब्रिज, आउटपुट ट्रान्झिस्टर व जादा दाब अडवणारा व्हॅरिस्टर या क्रमाने शोध घ्यावा. एलईडी बल्बने हे काम होत नाही, तापलेल्या तारेचा अडथळा वाढतो यावरच युक्ती उभी आहे. काही एसएमपीएस बल्बमागे नीट सुरू होत नाहीत आणि बल्ब धडधडतो, तो दोष समजू नये. बल्ब भागांना वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

मुख्य ॲम्प्लिफायर आणि स्पीकर

लहान होम थिएटरमध्ये टीडीए २०३० सारखी एक आयसी, मोठ्यांत टीडीए ७२९४ किंवा ट्रान्झिस्टरांची जोडी, आणि नव्या संचांत क्लास डी प्रकारचा ॲम्प्लिफायर हे काम करतात. जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवतो, तर क्लास डी सुमारे नव्वद टक्के वीज स्पीकरला देतो. तो थंड असतो, पण बिघडला तर एका झटक्यात शॉर्ट होतो.

आउटपुट शॉर्ट झाले की पूर्ण डीसी दाब स्पीकरवर येतो. ४ ओहमच्या स्पीकरचे वेटोळे मीटरवर साधारण सव्वातीन ओहम दाखवते. त्यावर ४० व्होल्ट आले तर बारा अँपिअर वाहतात आणि पाचशे वॅटच्या आसपास उष्णता वेटोळ्यात जमते. काही सेकंदांत ते जळते. म्हणून चांगल्या संचात रिले असतो. डीसी दिसताच तो स्पीकर तोडतो. सुरू करताना ऐकू येणारा ‘टक’ त्याचाच. ‘टक’ येत नसेल तर रिलेला दोष देण्याआधी आउटपुटवर डीसी मोजावा. काही दशक मिलिव्होल्ट ठीक, व्होल्टमध्ये आकडा दिसला तर रिले त्याचे कामच करत आहे.

स्पीकर स्वतंत्रपणे तपासणे सोपे आहे. त्याच्या दोन्ही वायरी सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. पडदा पुढे-मागे झाला आणि ‘थप्’ झाले तर वेटोळे शाबूत आहे. बोटांनी पडदा हळूच दाबताना खरखर लागली तर वेटोळे घासते आहे आणि त्या स्पीकरला ॲम्प्लिफायर जोडू नये.

‘ऑटो’ भागाची तक्रारही अनेकदा बिघाड नसते. संकेत ठरावीक पातळीच्या वर गेला तरच हा भाग जागा होतो. हळू आवाजात चित्रपट पाहताना तो पुरेसा संकेत मिळत नाही म्हणून झोपी जातो. टीव्हीकडून येणारी पातळी वाढवून सबवूफरचा नॉब उतरवला की प्रश्न सुटतो.

कंप, डिंक आणि पाली

ज्या खोक्यात पडदा रोज हवा हादरवतो, त्याच खोक्यात सर्किट बोर्ड असतो. जड ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर आणि सॉकेट यांच्या पायांभोवतीच्या सोल्डरला कालांतराने गोल भेग पडते. ठोका बसला की आवाज जातो आणि थाप मारली की येतो, हे त्याचे लक्षण. भिंगातून पाहून असे सर्व सांधे नव्याने सोल्डर करावेत. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर डिंक लावतात. काही जुन्या संचांतला हा डिंक तापून गडद तपकिरी होतो आणि वीज वाहू लागतो, भागांचे पाय गंजवतो. तो खरवडून काढल्यावर, काही न बदलता, कित्येक संच बरे झाले आहेत.

खोक्याचे भोक पालींना आणि झुरळांना उबदार घर देते. ३२५ व्होल्टच्या दोन टोकांत पाल सापडली की फ्यूज, ब्रिज आणि आयसी एकदम जातात. भोकाच्या आतल्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी लावणे पुरेसे असते.

पाऊस, वळीव आणि पूर

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी, जत इकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. एकाच परिसरातल्या या दोन टोकांना सबवूफर वेगवेगळ्या प्रकारे आजारी पडतो. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळ्यात दमटपणाने सॉकेट काळवंडतात, नॉब फिरवताना खरखर होते, बोर्डवर उरलेले सोल्डरचे रसायन ओल धरते. तिथे बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो. पूर्वेला धूळ उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि कंडेन्सरचे वय उन्हाळ्यात झपाट्याने घटते.

वळवाच्या विजा दोन्हीकडे सारख्याच. विजेच्या लाइनीबरोबर डिशची केबलही हा झटका आत आणते, म्हणून कडकडाट सुरू झाला की दोन्ही काढाव्यात. न्यूट्रल तुटल्यास घरात चारशे व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. अशा वेळी व्हॅरिस्टर फुटून आणि फ्यूज जाऊन पुढचे यंत्र वाचते. फुटलेला व्हॅरिस्टर काढून टाकून नुसता फ्यूज घालणे ही दुरुस्ती नव्हे.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पुरात बुडालेला सबवूफर कोरडा दिसला तरी त्याला वीज देऊ नये. गाळाचा पातळ थर वीज वाहतो. बोर्ड सोडवून स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कित्येक दिवस सावलीत वाळवावा. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांतली ओल सर्वांत शेवटी जाते. पहिली वीज सिरीज बोर्डवरूनच द्यावी. बोर्ड वाचला तरी एमडीएफचे खोके फुगते आणि कागदी पडदा वाकतो. त्यांना पूर्वपदावर आणता येत नाही.

पत्रा परत बसवताना

पत्र्याच्या कडेचा फोम परत नीट बसला नाही तर खोक्यातून हवा गळते आणि ठोक्याबरोबर फुसफुस ऐकू येते. फाटका फोम बदलावा, स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत, आत मोकळी वायर पडद्याला लागत नाही हे पाहावे. मग तासभर मध्यम आवाजात वाजवून हीटसिंकला हात लावून पाहावा.

आयसीचा क्रमांक पुसलेला असेल, किंवा कंपनीने स्वतःचा प्रोग्रॅम भरलेली चिप गेली असेल, तर मूळ ॲम्प्लिफायर सोडून द्यावा लागतो. स्पीकर आणि खोके ठीक असेल तर बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडता येतो. मात्र मूळ ॲम्प्लिफायर त्या खोक्याला साजेसा खर्ज वाढवत असे आणि फार खालची कंपने कापतही असे. बाहेरच्या ॲम्प्लिफायरमध्ये २५-३० हर्ट्झच्या खालचे कापणारी गाळणी नसेल, तर भोकाच्या खोक्यातला पडदा त्या कंपनांवर आधाराशिवाय हलतो आणि मोठ्या आवाजात वेटोळे आपटते. गाळणी असलेलाच बोर्ड घ्यावा.